खोल बर्फासाठी रुंद स्की : निवडताना काय पाहावे?

मुंबई-पुण्याहून काश्मीरला जाणाऱ्या पर्यटकाची बर्फाशी पहिली ओळख बहुधा गुलमर्गमध्ये होते. भाड्याचे गमबूट, भाड्याचा कोट, गंडोलाची रांग आणि वर पोहोचल्यावर छायाचित्रे, एवढ्यावर ही ओळख बहुतेकांच्या बाबतीत संपते. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र त्याच रांगेत फळ्यांसारख्या रुंद स्की खांद्यावर घेतलेले काही जण उभे दिसतात. ऑलिम्पिकच्या शर्यतींत दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या सडपातळ स्कीशी या फळ्यांचे फारसे साम्य नसते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारे काश्मीरचे आरिफ खान ज्या प्रकारात उतरले, त्या शर्यतींच्या स्की पायाखाली साधारण ६५ मिलिमीटर रुंद असतात. खोल, भुसभुशीत बर्फासाठीची स्की याच ठिकाणी ११५ ते १३० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट रुंद असते.

गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंगचे प्राथमिक शिक्षण घेऊन आलेल्या आणि आता दाबून सपाट केलेल्या उतारांच्या पलीकडे जाऊ पाहणाऱ्या वाचकांसमोर या रुंद स्कीचा प्रश्न कधी ना कधी येतो. दुकानदार सर्वांत रुंद जोडी पुढे करतो, आंतरराष्ट्रीय चित्रफितींतील स्कीपटूंच्या पायांतही तीच दिसते आणि नवखा मनुष्य ती उचलतो. ही निवड अनेकदा चुकीची ठरते.

बर्फ, भार आणि वेग

नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फात, ज्याला जगभर 'पावडर' म्हणतात, मोठा भाग हवेचाच असतो. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो असते. तेवढ्याच ताज्या कोरड्या बर्फाचे साधारण ५० ते १०० किलो. अशा बर्फावर माणूस नुसत्या बुटांनी उभा राहिला तर मांडीपर्यंत, कधी कमरेपर्यंत रुततो. कपडे, बूट आणि सामान धरून एखाद्याचे वजन ८५ किलो असेल, तर एका पायावर उभे राहताना बुटाखालच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अडीचशे ग्रॅमहून अधिक भार येतो. १८० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ८० मिलिमीटर रुंद अशा दोन स्कींवर तोच भार सुमारे ३० ग्रॅमवर उतरतो. सरासरी रुंदी १२५ मिलिमीटर असेल, तर तो १९ ग्रॅमच्या आसपास येतो. रुंद स्कीची सारी किमया या साध्या भागाकारात आहे.

मात्र हिशेब येथेच संपत नाही. स्की बर्फात होडीसारखी केवळ भारामुळे तरंगत नाही. वेग मिळाला की ती खालचा बर्फ दाबते आणि तो दाबला गेलेला बर्फ तिला वर उचलतो. लहानपणी तळ्यावर चपटे दगड फेकून भाकऱ्या काढताना वेग असेतोवर दगड पाण्यावर उड्या मारतो आणि वेग संपला की बुडतो, तसाच हा प्रकार आहे. अरुंद स्कीवरही खोल बर्फातून उतरता येते, पण त्यासाठी वेग अधिक लागतो, पाय एकमेकांजवळ धरून एका लयीत वर-खाली व्हावे लागते आणि तोल जरा पुढे गेला की टोके बर्फात घुसून मनुष्य कोलांटी खातो. १९८० च्या दशकापर्यंत खोल बर्फ ही दोन मीटरहून लांब, अरुंद स्कीवर प्रभुत्व मिळवलेल्या मोजक्या मंडळींचीच मिरासदारी होती. रुंद स्कीने ही मिरासदारी मोडून काढली. कमी वेगात तरंगता येऊ लागले आणि वळण घेण्यास पुरेसा अवधी मिळू लागला.

कापलेल्या स्नोबोर्डपासून 'उलथण्या'पर्यंत

१९८८ मध्ये ऑस्ट्रियातील ॲटॉमिक कंपनीचे अभियंते रुपर्ट ह्यूबर यांनी एक स्नोबोर्ड उभा मधोमध कापला आणि त्यापासून स्कीची जोडी बनवून पाहिली, अशी या प्रकाराची जन्मकथा सांगितली जाते. त्यातून आलेली 'पावडर प्लस' ही स्की 'फॅट बॉय' या टोपणनावाने ओळखली गेली. युरोपातील कसलेल्या स्कीपटूंनी प्रारंभी तिची थट्टाच केली. तिचे खरे स्वागत झाले ते कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. तेथे १९६५ पासून हेलिकॉप्टरने डोंगरमाथ्यावर नेऊन स्कीइंग करविण्याचा व्यवसाय चालत होता. या व्यवसायाचे ग्राहक म्हणजे पैसा असलेले, वयाने पुढे गेलेले आणि दुपारपर्यंत पाय थकणारे लोक. रुंद स्की दिल्यावर तेच ग्राहक संध्याकाळपर्यंत उतरू लागले. व्यवसायाच्या दृष्टीने याहून मोठी शिफारस कोणती असणार?

पुढची झेप घेतली ती शेन मॅककाँकी या कॅनडात जन्मलेल्या स्कीपटूने. त्यांचा प्रश्न मुळालाच हात घालणारा होता. खोल बर्फ हा घट्ट जमिनीपेक्षा पाण्यासारखा वागत असेल, तर त्यावरची स्की ही शर्यतीच्या स्कीची जाड आवृत्ती का असावी? पाण्यावरच्या स्कीसारखी का नसावी? अलास्कातील उतारांवर त्यांनी खरोखरच वॉटर-स्कीला बाइंडिंग बसवून उतरून दाखवले. या विचारातून व्होलांट कंपनीची 'स्पॅच्युला' २००२ मध्ये बाजारात आली. स्पॅच्युला म्हणजे आपले उलथणे. ही स्की मध्यभागी सर्वांत रुंद, सुमारे १२५ मिलिमीटर होती, आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत वर वळलेली होती. तोवरच्या सर्व स्कींच्या नेमका उलटा हा आकार होता. २००६ मध्ये के-टू कंपनीने मॅककाँकी यांच्याच सहभागाने 'पाँटून' आणली. तिची पायाखालची रुंदी १३० मिलिमीटर होती. मॅककाँकी २६ मार्च २००९ रोजी इटलीतील डोलोमाइट पर्वतात, स्कीवरून कड्यावरून झेप घेऊन पॅराशूट उघडण्याच्या प्रयत्नात मरण पावले. त्यांच्या स्कीचा आकार जसाच्या तसा आज फारसा कोणी वापरत नाही, पण वर वळलेली टोके मात्र आता जवळजवळ प्रत्येक सर्वसाधारण स्कीत दिसतात.

तीन आकडे

स्कीवर '१४२-११२-१३२' असे तीन आकडे छापलेले असतात. टोक, कंबर आणि शेपूट यांची ही मिलिमीटरमधील रुंदी. निवड करताना मधला आकडा, म्हणजे कमरेची रुंदी, आधी पाहावी. ढोबळमानाने ८५ पर्यंतची कंबर दाबून घट्ट केलेल्या उतारांसाठी, ८५ ते १०५ सर्व प्रकारच्या बर्फासाठी, १०५ ते ११५ मुख्यतः ताज्या पण काही प्रमाणात तुडवलेल्या बर्फासाठी आणि त्यापुढची केवळ खोल पावडरसाठी, असे मानले जाते. या सीमारेषा काटेकोर नाहीत; कंपन्या आपापल्या सोयीने त्या सरकवत असतात.

रुंदीचे मोल कोठे द्यावे लागते, हे विक्रेते क्वचितच सांगतात. घट्ट उतारावर वळण घेण्यासाठी स्की तिच्या पोलादी कडेवर कलवावी लागते. ६५ मिलिमीटरच्या स्कीत ही कड पायाच्या मध्यरेषेपासून जेमतेम ३३ मिलिमीटरवर असते. १२० मिलिमीटरच्या स्कीत ती ६० मिलिमीटरवर जाते. तरफेची भुजा लांबली की बळ अधिक लागते आणि त्याचा पीळ घोटा व गुडघा यांवर येतो. स्लोव्हेनियातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, कमरेची रुंदी बदलली की वळणात गुडघ्याच्या हालचालीत फरक पडतो, असे दिसून आले होते. ज्यांच्या गुडघ्याला पूर्वी दुखापत झाली आहे त्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. पावडरच्या दिवशीसुद्धा हॉटेलकडे परतण्याची वाट बहुधा तुडवलेल्या, कडक झालेल्या बर्फावरूनच जाते आणि त्या वेळी पाय थकलेले असतात.

रुंदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न स्कीच्या बाजूच्या आकाराचा आहे. जुन्या पद्धतीची स्की जमिनीवर ठेवली तर मध्यभागी कमानीसारखी उचललेली दिसते. वजन पडले की ही कमान सपाट होते आणि कड सर्व लांबीभर बर्फात रुतते. कडक उतारावर हे उत्तम. खोल बर्फात मात्र टोक खाली घुसते. 'रॉकर' असलेल्या स्कीत टोके पुष्कळ आधीपासून, होडीच्या नाळेप्रमाणे वर वळलेली असतात. आजच्या बहुतेक पावडर स्कीत पुढे भरपूर रॉकर, पायाखाली थोडी कमान आणि मागे थोडा रॉकर असा मेळ घातलेला असतो. पूर्णपणे उलट्या कमानीची स्की खोल बर्फात लोण्यासारखी घसरते, पण कडक बर्फावर तिची पकड फारच थोड्या भागावर असते. दुकानात हे तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून मध्यभागी हाताने दाबणे. टोकांकडून ज्या ठिकाणी तळ एकमेकांपासून सुटू लागतात, तेथून रॉकर सुरू होतो. ११० मिलिमीटर कमरेची, चांगला रॉकर असलेली स्की ही ११८ मिलिमीटरच्या सपाट टोकांच्या स्कीपेक्षा खोल बर्फात अधिक सुखावह ठरू शकते, हे ही परीक्षा करताना ध्यानात ठेवावे.

वजन कोणाचे?

रुंदीची शिफारस करताना बर्फाइतकेच स्कीपटूच्या वजनाकडे पाहायला हवे. वर दिलेला भागाकार पुन्हा आठवावा. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीला १०५ मिलिमीटरची स्की जेवढे उचलून धरते, तेवढ्यासाठी ९० किलोच्या व्यक्तीला बरीच अधिक रुंद आणि लांब स्की लागते. त्यामुळे एखाद्या धिप्पाड स्कीपटूच्या पायांतील १२५ मिलिमीटरची जोडी पाहून सडपातळ बांध्याच्या मुलीने तीच घेण्यात काही अर्थ नाही. तिला ती बर्फावर वळविण्यातच शक्ती खर्च करावी लागेल. पाठीवर सामान घेऊन चढणाऱ्यांनी स्वतःच्या वजनात पिशवीचे वजन धरावे.

लांबीबाबत जुना संकेत असा, की घट्ट उतारावरील नवख्याची स्की हनुवटी-नाकापर्यंत असावी. पावडरसाठी ती साधारण उंचीइतकी किंवा तीहून ५ ते १० सेंटिमीटर अधिक धरतात. रॉकरमुळे टोकांचा बराच भाग कडक बर्फाला टेकतच नाही, म्हणून अशी स्की प्रत्यक्ष लांबीपेक्षा आखूड भासते. दाट झाडीतून उतरायचे असेल तर मात्र थोडी आखूड स्की बरी, कारण तेथे वळणे झटपट घ्यावी लागतात.

बाइंडिंगकडे दुर्लक्ष नको

स्कीची चर्चा तासन् तास करणारे लोक बाइंडिंगविषयी दोन वाक्येही बोलत नाहीत. वास्तविक पाय वाचवण्याचे काम बाइंडिंगच करते. पडल्यावर बूट किती बळाने सुटावा, याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो व तो जाणत्या तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा. मित्राची स्की मागून आणून त्याच आकड्यावर वापरणे म्हणजे त्याचा चश्मा लावून मोटार चालवण्यासारखे आहे. डोंगर चढण्याच्या बुटांचे तळ आणि साध्या स्की-बुटांचे तळ निरनिराळ्या मानकांचे असतात आणि प्रत्येक बाइंडिंग दोन्ही स्वीकारत नाही. भाड्याने घेताना आपले बूट सोबत नेऊन तपासून घ्यावे.

रुंद स्कीत आणखी एक अडचण येते. स्की सुटल्यावर तिला रोखणारे ब्रेकचे दोन दांडे कमरेहून किंचित रुंद हवेत. अरुंद स्कीवरचे बाइंडिंग काढून १२० मिलिमीटरच्या स्कीवर बसवले, तर हे दांडे कडांवर अडकून खाली येतच नाहीत. फार रुंद ब्रेकही नको. वळणात तो बर्फात घासतो. खोल बर्फात तर योग्य ब्रेकचाही उपयोग मर्यादित असतो, कारण सुटलेली स्की बर्फाच्या पोटात शिरून दिसेनाशी होते. अनुभवी लोक स्कीला भडक रंगाची काही मीटर लांब फीत बांधून ती पॅन्टच्या पायात खोचून ठेवतात. पडल्यावर फीत बाहेर येते आणि तिच्या मागाने स्की सापडते. वीस रुपयांच्या फितीअभावी अर्धा दिवस बर्फ उकरत बसलेले लोक थोडे नाहीत.

गुलमर्गचा विचार

गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. गंडोलाचा कोंगदूरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवटच्या खांद्यापर्यंतचा दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो. पश्चिमेकडून येणारे हिवाळी विक्षोभ पीर पंजालच्या रांगेला अडून येथे भरपूर बर्फ टाकतात. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांच्या कडाक्याला काश्मिरी लोक 'चिल्लाई कलान' म्हणतात. तो आणि त्यानंतरचा फेब्रुवारी हा पावडरचा काळ. मार्चमध्ये ऊन चढले की दुपारी बर्फ जड, ओला होतो आणि रात्री त्यावर कडक पापुद्रा धरतो.

मात्र पावडर मिळेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याच्या अखेरीपर्यंत गुलमर्गचे उतार बहुतांशी कोरडे होते. जोरदार हिमवर्षाव झाला, की हिमस्खलनाच्या भीतीने गंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवला जातो आणि मग खालच्या देवदार-फरच्या झाडीतच समाधान मानावे लागते. म्हणजे एकाच आठवड्याच्या सुटीत खोल बर्फ, झाडी, तुडवलेला उतार आणि कडक पापुद्रा हे सारे वाट्याला येऊ शकते. हे पाहता एकच जोडी नेणाऱ्या, मध्यम वजनाच्या आणि मध्यम कौशल्याच्या स्कीपटूने १०५ ते ११२ मिलिमीटर कमरेची, पुढे भरपूर रॉकर असलेली स्की घ्यावी, असे आमचे मत आहे. ९० किलोच्या पुढच्यांनी ११५ पर्यंत जावे. १२० च्या पुढची जोडी ही ज्यांच्याकडे आधीच दुसरी जोडी आहे, त्यांच्यासाठी. गेल्या दशकात खुद्द उत्पादकही अतिरुंदीच्या शर्यतीतून बरेच मागे आले आहेत.

येथे एका गोष्टीचा गंभीरपणे उल्लेख करणे आवश्यक आहे. रुंद स्की बर्फात रुतण्यापासून वाचवते. बर्फाचा थरच सुटून खाली आला, तर ती काहीही वाचवत नाही. उलट, पूर्वी जे उतार केवळ कसलेल्या लोकांना झेपत, तेथे आता दोन हिवाळे शिकलेला मनुष्यही सहज पोहोचतो. खोल बर्फ टिकणारे, उतरण्यास सर्वांत आनंददायी असे ३० ते ४५ अंशांचे उतार हेच हिमस्खलनाचेही उतार असतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. बर्फावर वावरण्याचे शिक्षण जेथे दिले जाते, त्या संस्थेचे हे जवान होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाचा एक स्कीपटू असाच दगावला.

गंडोलाच्या वरच्या स्थानकासमोरच्या मुख्य खोऱ्याबाहेर पाऊल टाकायचे असल्यास स्थानिक वाटाड्या आणि त्या दिवसाची हिमस्खलन-सूचना यांशिवाय जाऊ नये. प्रत्येकाच्या अंगावर संदेशप्रक्षेपक, पिशवीत शोधकाठी आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सराव हवा. गाडल्या गेलेल्या व्यक्तीला पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची शक्यता खूप असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. त्या वेळेत गावातून मदत येणे अशक्य असते. सोबतच्या माणसांनीच खणायचे असते. म्हणून नव्या स्कीचा खर्च आणि या तीन वस्तूंचा खर्च यांत निवड करावी लागली, तर आधी या तीन वस्तू घ्याव्यात आणि स्की भाड्याने घ्यावी.

भाड्याने की विकत?

वर्षाकाठी आठवडाभरच बर्फावर जाणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे रुंद स्की भाड्यानेच घ्यावी. गुलमर्गमधील दुकानांत त्या मिळतात, परंतु फेब्रुवारीत आपल्या लांबीची जोडी शिल्लक असेलच असे नाही. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून वजन, उंची आणि बुटाच्या तळाची लांबी कळवून ठेवावी. शक्य असल्यास एकाच सहलीत दोन निरनिराळ्या रुंदीच्या जोड्या वापरून पाहाव्यात. कागदावरचे आकडे जे सांगत नाहीत, ते अर्ध्या दिवसात पायांना कळते. विकत घ्यायचेच असेल, तर पहिली खरेदी बुटांची करावी. दुसऱ्याच्या पायाला सैल झालेल्या बुटांत सर्वांत उत्तम स्कीही मनासारखी वळत नाही.

भाड्याची स्की हातात घेताना तळावर लाकूड दिसेल इतके खोल ओरखडे नाहीत ना, कडांचे पोलाद कोठे उखडलेले नाही ना आणि बाइंडिंगभोवती स्क्रू हलत नाहीत ना, हे पाहावे. स्वतःची जोडी घेतलेल्यांना मात्र घरी आल्यावर वेगळीच चिंता असते. स्कीच्या कडा पोलादाच्या असतात आणि मुंबई किंवा कोकणच्या दमट हवेत त्या पहिल्या पावसाळ्यातच गंजतात. सहलीहून परतताच स्की पिशवीतून काढून कोरड्या कराव्यात, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्यावा आणि तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच राहू द्यावा. माळ्यावर ठेवताना त्यांवर इतर सामान रचू नये; सतत वजन पडले, तर कमान आणि रॉकर दोन्ही बिघडतात.